प्रश्नचिन्हाला नंबर नसतो

ते सत्त्याऐंशी साल होतं. फेब्रुवारी संपत आला होता, दिल्लीच्या थंडीतला बोचरेपणा गेला होता, आणि एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या तळघरात चंद्रप्रभा गुप्ते सकाळच्या गठ्ठ्यातली सातवी फाइल उघडत होती. इस्पितळात तिला सगळे मिसेस गुप्ता म्हणत. गुप्ते आणि गुप्ता यांतला फरक तिने पहिली दोन वर्षं समजावून सांगितला, मग नाद सोडला. पेशंट घरी गेला, किंवा घरी नेला गेला, की त्याचे कागद खाली तिच्या टेबलावर येत. ती ते क्रमाने लावी, दोऱ्याने बांधी, पहिल्या पानावर डॉक्टरने लिहिलेलं शेवटचं निदान वाची आणि जाड पुस्तकातून त्या रोगाचा नंबर शोधून लाल शाईने कोपऱ्यात लिही. जगातल्या प्रत्येक दुखण्याला नंबर होता. क्षयाला होता, गालगुंडाला होता, कुत्रा चावल्याला होता, शिडीवरून पडल्याला निराळा आणि जिन्यावरून पडल्याला निराळा. तिला हे फार आवडे. तिच्या चौदा वर्षांच्या नोकरीत तिच्या नंबरात चूक निघाली नव्हती. तिचं अक्षरही तसंच होतं, टपोरं, सरळ, विशेषतः इंग्रजीतला मोठा सी, ज्याच्या वरच्या टोकाला ती एक बारीकसा आकडा काढी, छत्रीच्या मुठीसारखा. मेडिकल रेकॉर्डचे मोठे साहेब पाहुण्यांना तिची कार्डं दाखवत. म्हणत, छापलंय का हो हे?

सातव्या फाइलवर नाव होतं सुमित्रा उल्हास कर्णिक, वय सव्वीस, राहणार फरीदाबाद. नाव पाहून ती दचकली नाही. सुमित्रा तिची भावजय होती, उल्हास तिचा धाकटा भाऊ, आणि खाट तिनेच मिळवून दिली होती. चार दिवसांपूर्वी उल्हास तिला टॅक्सीतून घेऊन आला होता आणि खिडकीतून म्हणाला होता, "ताई, हिच्या छातीत दुखतंय म्हणते. श्वास घेता येत नाही म्हणते. हार्टबिर्ट नाही ना, जरा बघ यार. तू आहेस ना इथे." इस्पितळात कुणी आपलं असलं की दिल्लीतली सगळी मराठी घरं त्याच्याकडे धावतात, चंद्रप्रभाला त्याचा अभिमान होता. म्हणून नाव पाहून ती दचकली नाही. ती दचकली ती निदानाच्या ओळीवर. डॉक्टरने लिहिलं होतं, छातीत दुखणे, आणि मग स्वल्पविराम, मग एक मोठं प्रश्नचिन्ह, आणि प्रश्नचिन्हापुढे एकच इंग्रजी शब्द. असॉल्ट. मारहाण.

पुढे कितीतरी वर्षं ती त्या क्षणाकडे परत परत जात राहिली, जीभ दुखऱ्या दाताकडे जावी तशी, आणि दर वेळी तिला स्वतःची शिसारी येई. कारण त्या क्षणी तिला काय वाटलं होतं ते तिला स्वच्छ आठवत होतं. तिला वाटलं होतं, प्रश्नचिन्हाला नंबर नसतो. बस्स, एवढंच. भावजयीच्या छातीवर कुणाचा हात, कुणाचा पाय, हे काही नाही. निदान अपुरं आहे, हे वर परत पाठवावं लागेल, असं तिला वाटलं, आणि तिने ड्रॉवरमधून त्रुटीची पिवळी चिठ्ठी काढली. नियम तसाच होता. अर्धवट निदानाची फाइल चिठ्ठी लावून डॉक्टरकडे परत करायची, त्याने नीट लिहून द्यायचं. रोज पाच-सात फायली अशा जात. फक्त त्या शिपायाबरोबर जात. ही ती स्वतः घेऊन गेली. आणि जाण्याआधी तिने आतली पानं चाळली. वॉर्डातल्या सिस्टर एलिअम्माच्या कोट्टायमी इंग्रजीत, बुधवारच्या सकाळच्या नोंदीत, तापमान आणि नाडी यांच्या खाली एक ओळ होती: नवऱ्याने लाथ मारली असं पेशंट सांगते. त्याखाली लगेच पुढची ओळ होती: पेशंटने चहा घेतला.

तळघरात खळीचा वास असे, मैद्याची खळ जस्ताच्या डब्यात आंबून गेलेली, आणि जुन्या कागदांना येतो तसा गोडसर बुरशीचा वास. चौदा वर्षं तो वास तिच्या साड्यांना चिकटून घरी जात होता आणि तिला कधी कळला नव्हता. त्या दिवशी जिना चढताना तो एकदम तिच्या घशाशी आला. वर डॉक्टर लांबा सापडले. पंचविशीतला मुलगा, खिशात अमेरिकेच्या परीक्षेची चिठ्ठ्याचपाट्यांनी फुगलेली वही. त्याने फाइल पाहिली आणि मान खाजवली. "मैडम, ये तो आपकी भाभी हैं न? मैंने तो यूँ ही क्वेश्चन मार्क लगाया. पुलिस-वुलिस का चक्कर हो जाता, इसलिए पक्का नहीं लिखा." ती म्हणाली, "डॉक्टरसाहब, इसका कोड नहीं बनता." "तो क्या लिखूँ? आप ही बताइए." आणि तिने सांगितलं. तिला ते कुणी विचारायला नको होतं, पण विचारलं आणि तिने धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं: एक्स-रे स्वच्छ आहे, हृदयाचा कागद स्वच्छ आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीला जिथे छातीचं हाड मिळतं तिथे दाबल्यावर दुखतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बरगडीच्या कूर्चेची सूज. कॉस्टोकॉन्ड्रायटिस. सातशे तेहेतीस पॉइंट सहा. डॉक्टर लांबा हसला. "वाह मैडम, आप तो हमसे बढ़िया डॉक्टर हैं. लिख दीजिए, मैं साइन कर देता हूँ." पहिलं पान चहाच्या डागाने खराब झालं होतं, म्हणून तिने कोरं पान घेतलं. खराब पानं ती नेहमीच बदलत असे. तिने नाव, वय, पत्ता पुन्हा लिहिला आणि निदानाच्या रकान्यात तो लांबलचक शब्द सुरेख अक्षरात काढला, छत्रीच्या मुठीचा सी, मग बाकीची अक्षरं एकमेकांचा हात धरून. खाली डॉक्टरची सही. डागाचं पान तिने चार तुकडे करून टोपलीत टाकलं. एलिअम्माचं पान आत तसंच राहिलं. ते काढायचं धाडस तिला नव्हतं, आणि दुसऱ्यांदा वाचायचंही नव्हतं.

हे निदान खोटं नव्हतं, हे तिचं तिला कायमचं सांगणं होतं. कूर्चा सुजलीच होती. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. हाड मोडलं तर दिसतं, कूर्चेला काय झालं ते फक्त बोटाने दाबल्यावर आणि दाबल्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कळतं. कशामुळे सुजली हे लिहायला पुस्तकाच्या शेवटी निराळे नंबर होते, ई या अक्षराने सुरू होणारे. पण ते डॉक्टरने लिहिलं तर लिहायचे. आपल्या मनाने नाही. ती नियमाबाहेर कुठे गेली होती? कुठेच नाही. रात्री जेवताना विश्वनाथ, तिचा नवरा, म्हणाला, "काय झालं ग सुमित्राला?" आणि तिने ताटातली मेथी चिवडत सांगितलं, "काही नाही हो. बरगडीला सूज आहे. उसण म्हणतात तसंच." 

उसण. हा शब्द तिने आईच्या तोंडून किती वेळा ऐकला होता. सरोजिनी नगरला तेव्हा विनयनगर म्हणत. भाऊसाहेबांना, तिच्या वडिलांना, तिथे दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं होतं, पुढे गवताचा तुकडा, मागे आंगण, आंगणात शेगडी पेटवायला कोळशाची बादली. हिवाळ्यात सगळ्या क्वार्टरांच्या मागून एकाच वेळी धूर निघे आणि तो खाली दबून राही. किती गोड दिवस होते ते, असं आता म्हणायची तिला सवय होती, आणि ते होतेही गोड: संक्रांतीला सगळ्या मराठी बायका एकीकडून दुसरीकडे वाण घेऊन जात, हिरवळीवर गणपतीच्या नाटकाच्या तालमी चालत, पंजाबी शेजारीण मुळ्याचे पराठे भिंतीवरून देई. आणि त्या गोड दिवसांत आईला अधूनमधून उसण भरे. कृष्णाबाई, तिची आई, चटईवर कुशीला पडून राही आणि म्हणे, "चंदे, तव्यावर मीठ तापव ग, उसण भरलीय छातीत." चंद्रप्रभा मिठाची पुरचुंडी करून शेकी. भाऊसाहेब बाहेर खुर्चीत वर्तमानपत्र वाचत. एरवी ते वर्तमानपत्र कधी इतका वेळ लावून वाचत नसत. एकदा शेकताना आईच्या चोळीची गाठ सुटली आणि तिला निळं दिसलं, कडेला पिवळं पडत चाललेलं, खारकेएवढं. आई म्हणाली, "शेकाने होतं तसं." दहा वर्षांच्या मुलीने ते मान्य केलं. शेकाआधीच शेकाने कसं होईल, हे तिने विचारलं नाही. त्रुटीची चिठ्ठी तिने तेव्हा लावली नाही.

आणि मग उल्हासला बोलावणं होई. उल्हास पायाळू होता, जन्मताना पाय आधी आलेला. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, आणि विनयनगरातल्या बायकांनाही. चार वर्षांचा गुटगुटीत उल्हास, रुंद पंजाचा, बोटं फाकलेली. सुहासिनीकाकू ऑफिसला जाणाऱ्या नवऱ्याचा डबा भरून झाला की पदर खोचत येत आणि पालथ्या पडत. "ये रे माझ्या राजा, लाव पाय." उल्हास त्यांच्या पाठीवर तीनदा पाय लावी. हळू लावायचा असे, नुसता टेकवायचा. पण बायका हसत आणि म्हणत, "अरे जोरात, ताकद नाही का?" मग तो जोरात लावी, आणि बायका हाय हाय करत हसत, आणि त्याच्या मुठीत रेवड्या देत. चंद्रप्रभाने त्याला कडेवर धरून कितीतरी घरी नेलं होतं. त्याचा तळवा ओलसर असे, आणि लाथ मारून झाली की तो तोंड उघडं ठेवून रेवडीची वाट पाही. त्या तोंडातली लाळ, तीळ चिकटलेले ओठ. आता तीस-बत्तीस वर्षांनंतर, ताटापुढे, तिला ते तोंड दिसलं आणि ती उठून मोरीत गेली.

एप्रिलच्या एका रविवारी ती फरीदाबादला गेली. आई आता उल्हासकडे राही. भाऊसाहेब जाऊन सहा वर्षं झाली होती. उल्हास ट्रॅक्टरचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, दोन खोल्या आणि गच्चीचं घर, दारात स्कूटर. सुमित्रा खाली बसून मटार सोलत होती. सरळ बसली की दुखतं म्हणून जरा वाकलेली, डावा हात पोटाशी. "आलात वन्सं?" असं म्हणून ती उठायला लागली आणि मध्येच थांबली, जशी एखादी ओळ आठवेनाशी होऊन माणूस थांबतो.

"बस ग, बस," चंद्रप्रभा म्हणाली. "अजून दुखतंय?"

"दुखतंय काय," आई खाटेवरून म्हणाली. "उसण आहे ती, मुरलीय. मी म्हणते उल्हासचा पाय लावून घे, तर ऐकत नाही. आमच्या वेळी अख्खं विनयनगर लावून घ्यायचं."

उल्हास श्रीखंडाची वाटी चाटत होता. बोटाने कडेकडेने पुसून घेऊन ते बोट तो मुळापर्यंत तोंडात घाली. तो हसला. "चलो सुमे, झोप पालथी. ताईच्या समोर लावतो. ताईचे डॉक्टर तीन दिवस ठेवून काही करू शकले नाहीत, मी तीन सेकंदांत बरं करतो, बिल्कुल."

"नको," सुमित्रा म्हणाली.

"बघ, घाबरते. अग, फुकट आहे. पूर्वी मी रेवड्या घ्यायचो!"

आई हसली. आणि चंद्रप्रभाही हसली. तिच्या तोंडातून तो आवाज निघाला खरा. तोच, क्वार्टरच्या आंगणातला, बायकांचा. सुमित्राने मटाराच्या शेंगेतून मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ती फक्त काहीतरी ताडून पाहत होती. शेंगेत अळी होती. तिने ती नखाने काढली, फरशीवर ठेवली आणि पुन्हा सोलायला लागली.

हे लग्न चंद्रप्रभानेच जमवलं होतं. पेणच्या बळवंतराव चौबळांना तिने पत्र लिहिलं होतं, चार पानी, आमचा उल्हास स्वभावाने मोकळा आहे, हसरा आहे, दिल्लीसारख्या शहरात मुलीला कशाचीही उणीव पडणार नाही. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत, चौबळांच्या नावातला सी मोठा आणि डौलदार. लग्नात चौबळ म्हणाले होते, अक्षर पाहूनच घराणं कळलं. हे ऐकून ती आतून फुलली होती.

ऑगस्टात सुमित्रा घरातून निघून एका ओळखीच्या शिक्षिकेकडे राहायला गेली आणि फरीदाबादच्या कोर्टात उल्हासवर छळाची फिर्याद उभी राहिली. सासरी छळ झाला तर तुरुंग, असा कायदा नवाच झाला होता. आई म्हणाली, दिल्लीत येऊन मुली बिघडतात. विश्वनाथ म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." ती पडलीच नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये इस्पितळाला समन्स आलं, पेशंटचं रेकॉर्ड घेऊन कुणीतरी हजर व्हावं म्हणून, आणि ते उल्हासच्या वकिलाने मागितलं होतं. रेकॉर्ड घेऊन कोर्टात जायचं काम रेकॉर्ड रूममधल्याच कुणाचं तरी असे; शपथ घ्यायची, हे आमच्या इस्पितळाचं आहे, रोजच्या कामात ठेवलेलं आहे, एवढं सांगायचं आणि परत यायचं. मोठे साहेब म्हणाले, कौन जाएगा? तिने हात वर केला. पेशंट आपली भावजय आहे हे तिने सांगायला हवं होतं. ती सांगणारही होती, पण तेवढ्यात साहेबांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड रूमच्या फोनवर सुमित्रा होती. कुठल्या तरी दुकानातून बोलत होती, मागे कुकर वाजत होता. "वन्सं, बाबांचं पत्र आलंय. म्हणतात, कोर्टाने त्याचा दोष आहे असं सांगितलं तर तुला घरी घेऊन येतो. नाहीतर नांदायला पाहिजे, लोकांना काय तोंड दाखवू." मग तिने विचारलं, "इस्पितळातून कोण येणार आहे?"

"मीच येणार आहे."

"तुम्ही?" मागे कुकरची शिट्टी झाली. "मग मला काळजी नाही. त्या मद्रासी सिस्टरने माझ्यासमोर लिहिलं होतं. मी पाहिलंय लिहिताना. तेवढं तुम्ही वाचून दाखवा, वन्सं. मी सरकारी वकिलांना तुमचं नातं सांगितलेलं नाही. म्हटलं, तुम्ही आपल्याच आहात."

ती रात्र चंद्रप्रभाने ठरवण्यात घालवली, आणि ठरलंही. वाचायचं. पान सतरा. तिने बसमध्ये, फरीदाबादच्या त्या धुळीच्या रस्त्यावर, फाइल मांडीवर धरून ती ओळ मनात हिंदीत करून पाहिली. नवऱ्याने लाथ मारली असं पेशंट सांगते. हिंदीत ती ओळ आणखी लहान होत होती. पान सतराला तिने आगपेटीच्या काडीची खूण घालून ठेवली.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. आईला घेऊन उल्हास पुढच्या बाकावर बसला होता, दाढी गुळगुळीत, पायांत नवे बूट. सुमित्रा मागे भिंतीशी, निळी साडी. चंद्रप्रभाने शपथ घेतली. नाव लिहिणाऱ्याने गुप्ता लिहिलं आणि तिने दुरुस्त केलं नाही. उल्हासच्या वकिलाने फाइल मागितली, पहिलं पान काढलं आणि विचारलं, यहाँ क्या लिखा है? तिने वाचलं. इसका मतलब? तिने सांगितलं, बरगडीच्या कूर्चेची सूज. "ये बीमारी है?" "जी, बीमारी है." "इसका इंटरनेशनल नंबर होता है?" "जी. सात सौ तैंतीस पॉइंट छह." "चोट का नंबर अलग होता है?" "जी, अलग होता है." "वो यहाँ लिखा है?" "जी नहीं." प्रत्येक उत्तर बरोबर होतं. इतकी बरोबर उत्तरं तिने शाळेतसुद्धा एका दमात दिली नव्हती. मग वकील मॅजिस्ट्रेटकडे वळून हसला आणि म्हणाला, जनाब, यांच्याकडे एक रिवाज आहे, छातीत-पाठीत दुखलं की उलटा जन्मलेला माणूस पाय लावतो. माझा अशील उलटा जन्मला आहे, त्याने इलाज म्हणून पाय टेकवला, त्याचं बायकोने हे केलं. मॅजिस्ट्रेट हरियाणवी होते, पोक्त, पान खाणारे. त्यांना गंमत वाटली. "अच्छा? ऐसा भी होता है?" "ये मैडम भी महाराष्ट्र की हैं, इन्हीं से पूछ लीजिए." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हाँ जी? होता है आपके यहाँ?"

तिला क्वार्टरचं आंगण दिसलं, सुहासिनीकाकू पालथ्या, रेवडी. "जी," ती म्हणाली. "होता है." खोलीत कुणीतरी हसलं. आईने मान डोलावली.

सरकारी वकिलांच्या हातात त्या सकाळच्या अकरा फायली होत्या. ते दारातल्या कुणाशी तरी बोलत होते. त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी मागे न वळता हात हलवला. काही विचारायचं नाही. तिने फाइल अजून उघडी धरली होती. काडी पान सतराला होती. खाली मान घालून जबाब लिहिणाऱ्याने लेखणी टेकवली. मॅजिस्ट्रेट सवयीने म्हणाले, "और कुछ कहना है आपको?"

हे असं विचारतात, याची तिला कल्पना नव्हती. इतर कुणी कधी हा प्रश्न तिला विचारला नव्हता, ना भाऊसाहेबांनी, ना विश्वनाथने, ना रेकॉर्डच्या साहेबांनी. एकदम समोर एवढी मोठी मोकळी जागा झाली, कोऱ्या रकान्यासारखी. तिने मागे पाहिलं. सुमित्रा बाकाच्या कडेवर पुढे सरकून बसली होती, तोंड किंचित उघडं. चंद्रप्रभाला ते उघडं तोंड पाहवेना. का, ते तिला नंतर कळलं. तेव्हा फक्त किळस आली, वाट पाहणाऱ्या कुठल्याही तोंडाची, आणि तिने फाइल मिटली.

"नहीं साहब," ती म्हणाली. काडी खाली पडली.

पायऱ्यांवर उल्हासने तिच्या खांद्यावर हात टाकला. "मान गए ताई. यार, काय बोललीस! चल, जेवूनच जा, आईने बासुंदी केलीय." त्याच्या हाताला नव्या बुटांच्या चामड्याचा वास होता. ती म्हणाली, मला ऑफिसला फाइल जमा करायची आहे. बस मिळेपर्यंत ती पदराने खांदा पुसत राहिली, आणि खळीचा वास काही केल्या जाईना.

उल्हास संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालपत्रात इस्पितळाच्या रेकॉर्डचा दोनदा उल्लेख आहे. बळवंतराव चौबळ मुलीला न्यायला आले नाहीत, आणि जूनमध्ये सुमित्रा फरीदाबादच्या घरी परत आली. ती तिथे सोळा महिने राहिली. त्या सोळा महिन्यांत तिला कुठल्याही इस्पितळात आणलं गेलं नाही. एकोणनव्वदच्या दिवाळीआधी एका सकाळी ती दूध आणायला म्हणून गेली. दुधाचं पातेलं दूधवाल्याच्या ओट्यावर सापडलं. ग्वाल्हेरला मुलींच्या एका वसतिगृहात ती आधी स्वयंपाकाला, मग देखरेखीला आणि शेवटी रेक्टर म्हणून राहिली. तिथल्या मुली तिला फार भीत, असं ऐकिवात आलं. ग्वाल्हेरहून एकदाच, नव्वद साली, चंद्रप्रभाच्या नावाने पाकीट आलं. आत पत्र नव्हतं. चौबळांच्या पत्त्याचं ते जुनं पाकीट होतं, आणि त्याला टाचणीने लावलेली फाइलच्या पहिल्या पानाची कोर्टातून काढलेली नक्कल. दोन्हींवरच्या मोठ्या सीभोवती कुणी काही खूण केलेली नव्हती. करायची गरजच नव्हती.

डॉक्टर लांबा अमेरिकेला गेला. सिस्टर एलिअम्मा कोट्टायमला परतली. निरोपाच्या दिवशी ती खाली रेकॉर्ड रूममध्ये आली, सगळ्यांना केक दिला आणि चंद्रप्रभाचा तुकडा टेबलावर ठेवून गेली, हातात दिला नाही. किंवा तसं चंद्रप्रभाला वाटलं. आई त्र्याण्णवला गेली. शेवटच्या आठवड्यात तिच्या छातीत दुखत होतं आणि ती उल्हासचा पाय मागत होती. उल्हासने लावला, अगदी हळू. उल्हासने घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, ती बाई वर्षभरात माहेरी गेली, तो आता एकटा राहतो. तो पंच्याहत्तरीच्या घरात आहे आणि रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो. त्याचे पाय ठणठणीत आहेत. विश्वनाथ निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत गेला. तो शेवटपर्यंत म्हणत असे की तू मध्ये पडली नाहीस हे बरं केलंस.

चंद्रप्रभा गुरगावला मुलीकडे, वृंदाकडे असते. गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून वृंदा तिला एका चकचकीत दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कागद नव्हते, सगळं पडद्यावर. तरुण डॉक्टरने अंगठ्याने दाबलं, दुसरी बरगडी, तिसरी बरगडी, आणि ती कळवळली. तो अंगठा इतका सभ्य होता तरी तिला तो ढकलून द्यावासा वाटला. "हार्ट का कुछ नहीं है, दादीजी," तो म्हणाला. "पसली की सूजन है." तिने पडद्याकडे पाहिलं. नंबर बदलला होता, आता एम चौऱ्याण्णव पॉइंट शून्य.

"आई, म्हणजे काय ग?" वृंदाने विचारलं.

"उसण."

"ते काय असतं?"

 डॉक्टर विचारत होता, "कुछ लगा था क्या? गिरी थीं? किसी ने…" तो हसला, "मतलब, कोई चोट?" पडद्यावर कारणाचा रकाना उघडा होता आणि त्यात एक उभी रेघ लुकलुकत होती, वाट पाहत. किती सोपं होतं विचारणं. "नहीं," ती म्हणाली. त्याने रकाना तसाच सोडला. मग छपाईयंत्रातून एक कागद आला आणि वृंदाने तिच्या हातात पेन दिलं. इथे सही कर. तिचा हात आता फार थरथरतो. नावातली अक्षरं एकमेकांत पडली, शेवटची तर वाचताही येईनात. पण सुरुवातीचा मोठा सी सरळ आला, टपोरा, वर छत्रीच्या मुठीसारखा आकडा, छापल्यासारखा. तेवढं एक अक्षर थरथरलं नाही.